पावर हाउसहून सफारीला

मुंबईहून हावड्याकडे निघालेली आगगाडी दुर्ग सोडते न सोडते तोच भिलाई नगर आणि त्यापाठोपाठ भिलाई पावर हाउस अशी दोन स्थानके लागतात. दुसऱ्या स्थानकाचे नाव वाचून नवख्या प्रवाशाला मौज वाटते. गावाला कोणी देवाचे नाव ठेवतो, कोणी राजाचे, येथे वीजघराचे नाव वस्तीला मिळाले आणि ते असे अंगवळणी पडले की "राहता कुठे?" या प्रश्नाला माणसे सहजपणे "पावर हाउसला" असे उत्तर देतात. स्थानकाबाहेर पडावे तो थेट बाजारातच. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी अशा अनेक बोली कानांवर पडतात आणि भाजीच्या ढिगापाशी घासाघीस करणारी एखादी मराठी गृहिणीही भेटते. पोलादाच्या कारखान्याने देशभरची माणसे येथे आणली; कोणी दोन वर्षांसाठी म्हणून आले, ते नातवंडांसह येथेच राहिले.

अशाच एखाद्या कुटुंबात, वाचकहो, आपण आहात असे क्षणभर समजा. मुलांच्या परीक्षा संपत आल्या आहेत. घरात एक गुळगुळीत, रंगीत पत्रिका येऊन पडली आहे: पूर्व आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्यानांची आठ दिवसांची सफारी. मुखपृष्ठावर आयाळ पिंजारलेला सिंह, आत हत्तींचे कळप, तंबूतील पलंग आणि चांदण्यात मांडलेली जेवणाची मेजे. मुले ती पत्रिका खाली ठेवीत नाहीत, आणि शेवटच्या पानावरील आकडा पाहिल्यापासून वडील ती हाती घेत नाहीत. आज आपल्याशी बोलायचे आहे ते या पत्रिकेविषयी, आणि तिच्यात न छापलेल्या एका जवळच्या रानाविषयी.

प्रथम त्या शब्दाची चौकशी करू. 'सफारी' हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. अरबी भाषेतील 'सफर' फारशीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि आपल्या बोलण्यात रुळली. 'मुसाफिर' हा तिचाच भाऊबंद. तीच सफर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली आणि तेथील स्वाहिली भाषेत 'सफारी' झाली. तिकडे तिचा मूळ अर्थ केवळ प्रवास. मामाच्या गावाला निघालेला मुलगादेखील स्वाहिलीत सफारीलाच निघतो! वनपशूंच्या मागे हिंडणे हा अर्थ तिला पुढे गोऱ्या शिकाऱ्यांच्या संगतीत चिकटला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली शेकडो हमालांचा तांडा घेऊन त्या प्रदेशात उतरले, आणि त्यांनी व त्यांच्या चिरंजीवांनी मिळून पाचशेहून अधिक जनावरे टिपली. संग्रहालयासाठी, असे त्याचे कारण दिले गेले. ऐषआरामी सफारीची कल्पना त्याच काळातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला एवढेच. केनियाने तर १९७७ साली शिकारीवर बंदीच घातली.

आता पत्रिकेत जे दाखविले आहे ते खोटे आहे काय? मुळीच नाही. टांझानियातील सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान १९५१ सालचे, त्याचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. मसाई लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'अंत नसलेले मैदान' असा सांगतात, आणि तो अक्षरशः पटतो. क्षितिजापर्यंत गवत, मधूनच छत्रीसारखी पसरलेली बाभूळवर्गातील झाडे, आणि त्या गवतावर वाइल्डबीस्ट, ज्याला नू असेही म्हणतात, त्या दाढीवाल्या कुरंगाचे तेरा लाखांच्या आसपास प्राणी. पावसाच्या मागोमाग ते वर्षभर वर्तुळाकार फिरत असतात. वर्षारंभीच्या महिन्यांत दक्षिणेकडील मैदानात त्यांच्या माद्या वितात, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हेच कळप मारा नदीच्या मगरींतून वाट काढीत केनियातील मसाई मारा या राखीव रानात उतरतात. जवळच न्गोरोंगोरो हे निवालेल्या ज्वालामुखीचे कुंड आहे. सहाशे मीटर खोल आणि तळाशी सुमारे २६० चौरस किलोमीटरचे रान, म्हणजे एखाद्या प्रचंड परातीत वाढून ठेवावे तसे हत्ती, गेंडे, सिंह आणि झेब्रे. आंबोसेली येथे हत्तींच्या पाठीमागे किलीमांजारोचे बर्फाच्छादित शिखर दिसते. त्याची उंची ५,८९५ मीटर. हे सारे डोळ्यांनी पाहण्याजोगे आहे, आणि ज्याला परवडते त्याने अवश्य पाहावे.

तेथे आपल्या माणसांच्याही खुणा आहेत. मोम्बासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी बांधला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या हातांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलापाशी दोन सिंहांनी मजुरांच्या तंबूंत शिरून माणसे ओढून नेण्याचा सपाटा लावला आणि कित्येक महिने काम बंद पडायची पाळी आणली. आज मोम्बासा ते नैरोबी हा प्रवास करणारा पर्यटक त्याच त्सावोच्या रानातून, वातानुकूलित डब्यात चहा घेत जातो. सिंह दिसावा म्हणून तो काचेला नाक लावून बसतो. त्याच मातीवर सिंह दिसू नये म्हणून काट्यांच्या कुंपणाआड जागत बसलेल्या आपल्या पंजाबी मजुरांची आठवण पत्रिकेत नसते; ती आपणच बरोबर न्यावी.

दुसरी खूण चित्त्याची. सेरेंगेटीच्या गवतात मातीच्या उंचवट्यावर उभा असलेला चित्ता पाहून आपण त्याचे छायाचित्र घेतो. पण ज्या नावाने सारे इंग्रजी जग त्याला ओळखते ते नाव आपलेच आहे, अंगावरल्या चित्रांवरून पडलेले. आणि आपल्या देशातील अखेरचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ साली मारले गेले, ते याच छत्तीसगढच्या उत्तरेस असलेल्या कोरिया संस्थानात, तेथील महाराजांच्या बंदुकीने. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. घरचे नाव असलेला प्राणी परदेशाहून आणावा लागला.

आता पत्रिकेचे शेवटचे पान. मसाई मारा येथील प्रवेशशुल्क जुलै २०२४ पासून गर्दीच्या महिन्यांत परदेशी पाहुण्याला दर दिवशी दोनशे डॉलर झाले. म्हणजे त्या वेळच्या भावाने पतिपत्नीचे एका दिवसाचे केवळ आत शिरण्याचे मोल तेहतीस हजार रुपयांच्या वर. मोटार, तंबू, जेवण, पहाटेचे वाफारणाऱ्या गवतावरून उडणारे उष्ण हवेचे फुगे, हे सारे निराळे. मुंबईहून नैरोबीचे विमान सहा तासांत पोहोचते. त्याच मुंबईला पोहोचण्यास दुर्गहून आगगाडीने वीस तासांच्या आसपास लागतात, हे ध्यानात घेता आफ्रिका काही फार दूर नाही. दूर आहे तो खर्च. आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. केनियाला जायचे तर निघण्यापूर्वी किमान दहा दिवस पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते. परतताना तिचा दाखला जवळ नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाण्याचा प्रसंग येतो.

तर मग पावर हाउसच्या मुलांनी करावे काय?

त्यांच्या घराजवळ मैत्रीबाग आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या स्नेहाची खूण म्हणून भिलाईच्या पोलाद कारखान्याने १९७२ साली उभारलेले हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. पांढरा वाघ ही काही निराळी जात नव्हे. रीवा संस्थानात १९५१ साली पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून संग्रहालयांतून वाढविलेला तो एक रंगभेद आहे. लहान मुलांना दाखविण्यास ठीक. त्यापुढची पायरी नवा रायपूर येथील जंगल सफारीची. आठशे एकरांचे हे मानवनिर्मित रान १ नोव्हेंबर २०१६ रोजी खुले झाले. येथे पिंजऱ्यात बसतो तो माणूस, जाळी लावलेल्या मोटारीत. आणि वाघ, सिंह, अस्वले आपापल्या कुंपणांत मोकळी हिंडतात. जागांची ही अदलाबदल मला तरी आवडली. पण वाघाला येथे भूक लागली की कोणीतरी खाणे आणून देतो, आणि ज्या रानात वाघाला आपले पोट आपणच भरावे लागत नाही ते रान अपुरे, असे माझे मत आहे.

पुरे रान पाहायचे तर कान्ह्यास जावे लागते.

येथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा भारत–सोव्हिएत करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. कान्हा हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले १ जून १९५५ रोजी. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, चार महिन्यांच्या अंतराने. ते राज्य म्हणजे जुना मध्य प्रदेश. त्याची राजधानी नागपूर होती आणि मराठी ही हिंदीच्या जोडीने त्याची राजभाषा होती. पुढल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली. २००० साली छत्तीसगढ निराळे झाले. पण त्या एका वर्षी एकाच राज्याच्या वाट्याला भट्टी आणि वन अशी दोन्ही लेणी आली होती. भट्टीला खनिज हवे होते आणि ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून खणून निघाले. वनाला मात्र काहीच काढून नेऊ न देणारा माणूस हवा होता. ते अधिक अवघड.

पावर हाउसहून कान्ह्याचे मुक्की प्रवेशद्वार मोटारीने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पाच-सहा तासांची वाट. दुर्ग आणि बेमेतरा मागे टाकीपर्यंत सपाट भातखाचरे. कवर्ध्याच्या आसपास उसाचे मळे लागतात आणि समोर मैकल पर्वताची निळी रेघ उभी राहते. तेथून वाट थोडी वाकडी करून भोरमदेवाचे दर्शन घ्यावे. अकराव्या शतकाच्या सुमाराचे हे शिवालय नागवंशी राजांच्या काळातले. भिंतींवरील शिल्पांमुळे लोक त्याला छत्तीसगढचे खजुराहो म्हणतात. मागे डोंगर, पुढे तळे. शिदोरी सोडावी ती येथेच. नंतर चिल्पीचा घाट चढला की हवा पालटते, आणि सालवृक्ष सुरू होतात.

विदर्भातल्या वाचकाला सागाची वने परिचित आहेत. उन्हाळ्यात साग आपली पाने टाकून देतो आणि नागझिऱ्यासारख्या रानात पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. सालाचे तसे नाही. तो पुरता उघडा असा जवळपास होतच नाही. जुनी पाने गळतात तोच नवी येतात आणि ऐन चैत्रात रान पोपटी दिसते. सरळ, उंच, एकमेकांना खेटून उभी असलेली ही झाडे आणि त्यांच्यामधून वाहणारी बंजर नदी. मधूनमधून ही वनराई एकाएकी मागे सरते आणि विस्तीर्ण कुरण उघडे होते. आफ्रिकेची आठवण होते ती येथेच. मात्र पुढील वळणावर सालवन पुन्हा डोळे झाकून टाकते.

डोळ्यांचा उल्लेख मुद्दामच केला. सेरेंगेटीत सारे काही दिसते. झाडाखाली लोळलेला सिंह अर्ध्या कोसावरून दिसतो आणि त्याच्याभोवती दहा मोटारी उभ्या राहिल्या तरी तो कूस बदलीत नाही. कान्ह्यात कानांनी पाहावे लागते. पहाटे उघड्या जिप्सीतून, अंगाभोवती शाल घट्ट गुंडाळून, आपण आत शिरता. मार्गदर्शक बरोबर असावाच लागतो, तसा नियम आहे. अर्ध्या वाटेवर तो हात वर करतो आणि गाडीचे यंत्र बंद होते. शांतता. मग दूर झाडाच्या शेंड्यावरून वानराचे खोकल्यासारखे ओरडणे येते. थोड्या वेळाने चितळाची तीक्ष्ण शीळवजा हाक. वानर उगाचही ओरडते, चितळ भित्रे असते. पण त्यानंतर सांबराचा तो खोल, घंटेवर घाव पडावा तसा आवाज आला की मार्गदर्शकाची मान वळते, कारण सांबर सहसा फसत नाही. वाघ चालतो आहे, आणि त्याची वाट हे तिघे आळीपाळीने सांगत आहेत. कधी तो झाडीतून रस्त्यावर येतो. पुष्कळदा येत नाही. कान्ह्याच्या व्याघ्रप्रकल्पात शंभराच्या आसपास वाघ आहेत, आणि आपण त्यांपैकी एकही न पाहता परत येऊ शकता. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. पैसे मोजले म्हणजे वाघ मिळालाच पाहिजे, या समजुतीने कान्ह्याची वाट धरणाऱ्या पाहुण्याच्या मागे सालवन, गवे, कोळसुंद्यांची टोळी, तांबड्या मातीवर नाचणारा मोर हे सारे न पाहिलेलेच राहून जाते.

अशा रानात चौदा महिने बसून राहिलेला एक माणूस होता. जॉर्ज शॅलर हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९६३ साली पत्नी आणि दोन लहान मुलगे यांच्यासह कान्ह्यास येऊन राहिले. वाघाविषयी तोवर जे लिहिले गेले होते ते बहुतांशी शिकाऱ्यांनी, बंदुकीच्या नळीवरून पाहून लिहिलेले. शॅलर यांच्या हाती वही होती. वाघ काय खातो, किती दिवसांनी मारतो, हरणे केव्हा वितात, कुरणावर किती जनावरे जगू शकतात, याच्या त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९६७ साली हरीण आणि वाघ यांच्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथून ते गेले कोठे? सेरेंगेटीला! १९६६ ते १९६९ त्यांनी तेथल्या सिंहांचा तसाच अभ्यास केला. म्हणजे कान्ह्याची कुरणे आधी वाचून मग त्यांनी सेरेंगेटीची मैदाने वाचली. मुलांना सफारीस नेणाऱ्या आईबापांना हा क्रम मला अनुकरणीय वाटतो.

दोन्ही रानांना जोडणारा आणखी एक दुवा आहे, आणि तो भीषण आहे. बुळकांडी हा गुरांचा रोग आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा. १८९० च्या दशकात तो पूर्व आफ्रिकेत पसरला आणि मसाईंची बहुतेक गुरे मरून पडली. गुरे गेली म्हणून माणसे उपासमारीने मेली, आणि रानातील नू व रानरेडेही त्याच साथीत गेले. पुढे अनेक दशके हा रोग तेथे ठाण मांडून राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर गुरांना लस टोचण्यास आरंभ झाला आणि गुरांमधील रोग हटताच तो वनपशूंतूनही नाहीसा झाला. १९६१ साली सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास असलेले नू पंधरा-सोळा वर्षांत तेरा लाखांच्या वर गेले. जगभरचे प्रवासी जो अफाट मेळा पाहण्यासाठी डॉलर मोजतात तो एका पशुवैद्याच्या सुईतून निघाला आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. कान्ह्यातही १९७६ साली बुळकांडीने गव्यांचे कळप झोडपले. म्हणूनच रानाच्या कडेच्या खेड्यांतील गुरांना लस टोचणे हे येथे वनरक्षणाचेच काम समजले जाते. सुदैवाने २०११ साली बुळकांडी सबंध पृथ्वीवरून नष्ट झाल्याची घोषणा झाली.

कान्ह्याचा खरा मानकरी मात्र वाघ नव्हे, बारशिंगा. हिमालयाच्या पायथ्याचे आणि आसामचे बारशिंगे दलदलीत राहतात. मध्य भारतातील बारशिंग्याचे खूर कठीण भूमीवर चालण्यास योग्य असे असतात. तो जवळजवळ केवळ गवतावर जगतो, आणि त्याची मादी पाडस लपविते ते उंच गवतातच. गवत जाळले, नांगरले किंवा गुरांनी चरून टाकले की बारशिंगा उरत नाही. शिकारीची भर निराळी. १९७० साली कान्ह्यात केलेल्या गणनेत हे प्राणी ६६ भरले. या जातीचा पृथ्वीवर अन्यत्र आधार नव्हता. ते सहासष्ट गेले असते तर जात गेली असती. मग कुंपण घालून काही प्राणी सुरक्षित ठेवण्यात आले, आगी आटोक्यात आणल्या, कुरणे वाढविली. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे, आणि २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्याच्या रानातही नेऊन सोडले आहेत. हिवाळ्याच्या आरंभी नर शिंगांवर ओले गवत लपेटून कुरणात उभा राहतो आणि गाढवासारखा ओरडतो. रूप राजाचे, आवाज असा; मुले हसतात. हसू द्यावे.

ती कुरणे वाढली कशी, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर द्यावे लागेल. कान्ह्याच्या पुष्कळशा कुरणांवर पूर्वी शेते होती, कारण तेथे गावे होती. १९६९ पासून पुढे गोंड आणि बैगा लोकांची दोन डझनांहून अधिक गावे रानाबाहेर हलविण्यात आली. बैगा हे या पर्वतातील जुने रहिवासी. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेच्या छातीवर घाव घालणे, अशी त्यांची श्रद्धा; झाडोरा जाळून राखेत बी फेकण्याची त्यांची बेवार नावाची शेती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच थोड्याशा डोंगरांपुरती कोंडून टाकली होती. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली त्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात हे दुःख नोंदले आहे. अलीकडे हलविल्या जाणाऱ्या कुटुंबांना २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची शासकीय योजना आहे. पैशाने घर बांधता येते. मोहाची ओळखीची झाडे, मधाचे कडे, पूर्वजांची ठाणी यांचा हिशेब त्या रकमेत कसा धरावा, हे मला सुचत नाही.

सेरेंगेटीतही हेच घडले. १९५९ साली मसाईंनी त्या मैदानावरील हक्क सोडला आणि शेजारच्या न्गोरोंगोरोच्या प्रदेशात गुरांसह राहण्याचे आश्वासन त्यांना मिळाले. २०२२ पासून तेथूनही त्यांना शेकडो किलोमीटर दूर हलविणे सुरू झाले आहे. पत्रिकेतील तंबूबाहेर तांबडे वस्त्र पांघरून, भाला घेऊन उभा असलेला मसाई तरुण पाहुण्यांचे स्वागत करतो, तो आपल्या आजोबांच्या चराऊ रानात. बारशिंगा वाचला ते योग्य झाले, असेच मी म्हणेन. सहासष्टांवरून हजारावर आलेला प्राणी पाहून ज्याला आनंद होत नाही त्याने रानात जाऊच नये. पण तो आनंद फुकट आलेला नाही, आणि त्याचे मोल प्रवेशद्वारावरील पावतीत लिहिलेले नसते. म्हणून कान्ह्यात गाडीत बसल्यावर वाघ कोठे दिसेल हे विचारण्याआधी आपल्या मार्गदर्शकाला त्याचे गाव विचारा. मार्गदर्शकांत पुष्कळ तरुण याच परिसरातील गोंड आणि बैगा असतात. गप्पा सुरू झाल्या की तो पाऊलखुणा दाखवील, सालाच्या डिंकाचा धूप कसा करतात ते सांगेल, आणि कोणत्या पक्ष्याने कोणता पाऊस कळतो हेही सांगेल.

तो आपल्याला श्रवणतालावरही नेईल. कान्ह्याच्या कुरणाजवळच्या या तळ्यावर आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी भरीत असता श्रवणाला दशरथाचा बाण लागला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. जवळ श्रवणाची चिता आणि दशरथाचे मचाण अशाही जागा दाखवितात. हत्तीचा आवाज समजून राजाने शब्दवेधी बाण सोडला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. शंभर मैलांच्या परिसरात वनराजांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या रानात लोकांनी हीच कथा का रुजविली असेल, याचा विचार तळ्याकाठी बसून करण्यास वेळ मिळतो, कारण तेथे गाडी थोडी थांबते.

जाण्याचा विचार ठरला तर एवढे ध्यानात असू द्या. रानाचा गाभा पावसाळ्यात, १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, बंद असतो आणि बुधवारी दुपारी फेरी नसते. एका जिप्सीत सहा पाहुणे बसतात. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीतील जागा फार आधी भरतात, तेव्हा नावे वेळेवर नोंदवा. मुक्कीबाहेर श्रीमंती निवास आहेत, साधेही आहेत. पहाटे दोन्हींतील पाहुणे एकाच रांगेत उभे राहतात. वाघ हवा असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात जावे, जनावरे पाण्यावर येतात. मला विचाराल तर डिसेंबर बरा. त्या दिवसांत पहाटे कुरणावर दहिवर गोठते आणि चितळांच्या पाठीवरून वाफ निघताना दिसते. लोकरीचे कपडे, कानटोप्या आणि मुलांसाठी एक जाड घोंगडी बरोबर घ्या. उघड्या गाडीतला वारा भिलाईच्या थंडीसारखा नसतो.